शंभर सोनारांत एक लोहार

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मभरात हाताने केलेल्या वस्तू आकारमानाच्या उतरत्या क्रमाने मांडायच्या झाल्या, तर पहिला मान कूलरचा. पंचकुला शिवालिकच्या पायथ्याशी आहे असं नकाशात दिसतं आणि आपल्याला उगाचच गार वाटतं. मे महिन्यातल्या दुपारी तिथल्या रस्त्यावर फक्त डांबर भेटतं, तेही चपलेला चिकटून घरापर्यंत सोडायला येतं. या उन्हाळ्याचा बंदोबस्त म्हणून मामांनी जाड पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर बांधला. पंखा, पंप, टाकी, तोट्या, सगळं चोख मापात होतं. माप घ्यायचं राहिलं ते दाराचं. बैठकीच्या खोलीत जन्मलेला तो कूलर त्याच खोलीत म्हातारा झाला. घराला रंग काढायची वेळ आली की रंगारी त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवत, आणि नव्या पाहुण्यांना मामी सांगत, "हा आमच्या घराचा खांब आहे. टेकून बसू नका, हलतो."

त्याखालोखाल नंबर शिडी होणाऱ्या खुर्चीचा. तिची शिडी व्हायची ती नेमकी कोणी बसलेलं असताना. मग कुकरच्या शिट्या मोजणारं यंत्र आलं. ते शेजारच्या कुकरच्या शिट्याही तितक्याच प्रामाणिकपणे मोजायचं, त्यामुळे शेजाऱ्यांचा राजमा शिजला की आमच्याकडे गॅस बंद व्हायचा. मग लसूण सोलायचा रूळ, मग सुईत दोरा ओवायची चिमटी. यातल्या प्रत्येक वस्तूच्या जन्माआधी मामांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं: "यात काय आहे?" हे वाक्य ऐकलं की मामी दुधाचं पातेलं आत नेऊन ठेवत.

वस्तू अशा लहान लहान होत गेल्या त्याचं कारण कलात्मक नाही, भौगोलिक आहे. हरयाणाच्या भूमीवर 1761 साली आपण एक फार मोठी लढाई हरलो. मामींनी त्याच भूमीवर एकेक खोली लढून जिंकली. आधी बैठकीची खोली (कूलर वगळून), मग व्हरांडा, मग गॅरेज. गॅरेजच्या तहात मामांना लेथ मशीन विकावं लागलं. सरतेशेवटी त्यांच्या ताब्यात उरलं ते कोठीघरातल्या गव्हाच्या टाकीशेजारचं एक टेबल, तीन फूट बाय दोन. हौस मात्र टेबलाच्या मापाने कमी होत नाही. ज्याच्या हाताला चाळा आहे त्याला अमुकच करायचं असतं असंही नाही. घरातल्यांनी "आता पुरे" म्हणायच्या आत पुढची वस्तू सापडली की त्याचं भागतं. मामांना साठी उलटल्यावर अशी एक वस्तू सापडली, जिला घरात कोणी "पुरे" म्हणतच नाही.

पण आधी माणूस सांगायला हवा. मामा सांगली जिल्ह्यातले, किर्लोस्करवाडीच्या भोंग्यावर वाढलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर कारखान्याचं गाव वसवलं, तेव्हापासून त्या बाजूचं पोर रांगायला लागलं की खुळखुळा सोडून पान्याकडे जातं. नोकरीने मामांना उचलून थेट पिंजोरला नेलं. तिथे एचएमटीचा मशीन टूलचा कारखाना 1963 पासून होता आणि 1971 पासून झेटरच्या बनावटीचे ट्रॅक्टरही निघायला लागले होते. मामा टूलरूमला. म्हणजे ज्या डायमधून आणि गेजमधून बाकीचा कारखाना चालतो ती डाय आणि गेज करणारे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, त्यामुळे मामांच्या लेखी केस ही ढोबळ वस्तू. त्यांच्या डोक्यावर ती आता उरलेलीही नाही. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 साली सरकारने घेतला, तोवर मामा निवृत्त होऊन गव्हाच्या टाकीशेजारी बसलेले होते.

दागिन्याचं निमित्त झालं ते मामींच्या जोडव्याचं. जोडवं तुटलं. मामी म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या सोनाराकडून डाख लावून आणा. मामांनी जोडवं डोळ्याजवळ नेलं, फिरवलं, आणि ते वाक्य म्हणाले. मामींनी दुधाचं पातेलं उचललं.

चांदी 962 अंशांना वितळते. डाख, म्हणजे सांधा जुळवणारा मिश्रधातू, त्याच्या दोन-अडीचशे अंश खाली. मधल्या पट्ट्यात थांबायचं, एवढंच सोनाराचं कौशल्य. ज्या माणसाने उभा जन्म पोलाद तापवलं त्याला हा पट्टा म्हणजे राजरस्ता वाटला. पण पोलाद तापताना सावकाश रंग बदलत, सूचना देत, वागतं. चांदी क्षणभर आरशासारखी लखलखते. मामांना ती सूचना वाटली. तो निकाल होता.

"अहो, जोडवं जोडायला घेतलं होतंत ना? हे काय आहे?"

"मणी."

"मी मणी मागितला होता?"

"सध्या मणी झालाय. पुढे बघू."

पुढे बघायला मामा अंबाल्याला गेले. अंबाला छावणी हे शास्त्रीय उपकरणांचं माहेर आहे. देशभरच्या शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगशाळांतल्या चंचुपात्रांपासून सूक्ष्मदर्शकांपर्यंत कितीतरी माल तिथला असतो. मामांनी तिथून मिलिग्रॅम दाखवणारा तराजू आणला. सराफ्यातून मूस, टाकणखार, सांडश्या, बारीक ऐरण आणि जंतर आणलं. जंतर म्हणजे भोकांची पोलादी पट्टी. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा जरासं बारीक, चांदीची तार एकेका भोकातून ओढत न्यायची. मराठीत एखाद्याला जंतरातून काढणं म्हणजे सरळ करणं, हे मामींना माहेरापासून ठाऊक होतं. त्यांनी पट्टी हातात घेऊन भोकं मोजली आणि मामांकडे पाहिलं. तार ओढायला दोन माणसं लागतात. मामा एका टोकाला, मामी दुसऱ्या टोकाला, मधे जंतर, असा संसार काही महिने चालला. मामी म्हणतात, ओढाताण नवी नव्हती, फक्त यावेळी शेवटी काहीतरी लांब झालेलं दिसायचं.

चांदीच का, सोनं का नाही, हा प्रश्न कोणीही विचारतो. त्याचं उत्तर मामींनी पहिल्याच दिवशी देऊन ठेवलं होतं: "माझ्या सोन्याला हात लावायचा नाही." इथे थोडा इतिहास सांगायचा मोह होतो. 1963 साली अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. हजारो सोनारांची भट्टी विझली. पुढे 1968 साली कायदा झाला, 1990 साली तो रद्द झाला, आणि मधल्या सगळ्या काळात बायकांचं सोन्यावरचं प्रेम एका कॅरेटनेही उतरलं नाही. सोन्यापासून माणसाला दूर ठेवणं जे भारत सरकारला सत्तावीस वर्षांत जमलं नाही, ते मामींनी एका वाक्यात जमवलं.

खरी गंमत पुढेच आहे. सोनारकामात हात पोळला, बोट कापलं, त्याचं मामांना काही वाटलं नाही. त्यांना घायाळ केलं ते मापांनी.

बांगडीचं माप दुकानात 2.4, 2.6, 2.8 असं लिहिलेलं असतं. मामींचं माप 2.4. मामांनी दोन पूर्णांक चार दशांश इंच गुणिले 25.4 केलं, आतला व्यास 60.96 मिलिमीटर धरला, आणि मायक्रोमीटरने चारदा तपासून, एक निर्दोष, वर्तुळाकार, लखलखीत बांगडी केली. मामींनी ती हातात घातली, हात खाली केला, बांगडी फरशीवर. पुन्हा घातली, पुन्हा फरशीवर. मामांनी मामींचा हात मोजला. हातात दोष नव्हता. मग बांगडीवाल्याकडे गेले. त्याने शांतपणे सांगितलं की हा दशांश नाहीच, हे सोळांश आहेत. 2.4 म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, म्हणजे 57.15 मिलिमीटर. मामांनी विचारलं, मग 2.8 च्या पुढे? तो म्हणाला, 2.10. मामा तिथल्या स्टुलावर बसले. ज्या माणसाने चाळीसएक वर्षं दशांशचिन्हावर श्रद्धा ठेवली, त्याला 2.10 हे 2.8 पेक्षा मोठं असतं हे बांगड्यांच्या दुकानात, दहा-बारा बायकांच्या देखत कळावं, हा नियतीचा दुष्टपणा आहे. मामी सांगतात, त्या दिवशी त्यांनी रात्री जेवताना दही मागितलं नाही.

दुसरा घाव तोळ्याने घातला. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा. त्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, आणि गुंज म्हणजे वेलाची बी, जी प्रत्येक शेंगेत वेगळी भरते. आजचा सराफ तोळा म्हणतो तो सरळ दहा ग्रॅमचा. मामींच्या आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या. त्याच पाटल्या आज तराजूत पावणेपाच तोळ्यांच्या आसपास जातात. कोणी भर घातली नाही, झीज मात्र झाली. मामांनी हा हिशेब तीनदा मांडला आणि वहीत खाली लिहिलं: "हा धंदा देवाघरचा आहे."

मी त्यांना नरहरी सोनारांच्या गोष्टीची आठवण करून दिली. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न बघणारे कट्टर शिवभक्त. एका सावकाराने विठ्ठलासाठी कमरपट्ट्याची ऑर्डर दिली. हे माप घ्यायलासुद्धा देवळात जाईनात, म्हणून सावकारानेच माप आणून दिलं. पट्टा केला तर सैल. कमी केला तर घट्ट. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः गेले, चाचपलं तर हाताला साप, जटा, व्याघ्रांबर. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरिहर एकच, हा कथेचा भाग कीर्तनकार नीट सांगतात. मामांनी कथा पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेल्या मापावर काम करायचं नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे."

यानंतर मामांनी मोजण्याची व्यवस्था स्वतःच्या हातात घेतली, आणि ती थेट मामींच्या नाकापर्यंत पोचली. नथ करायची ठरली होती. नाक टोचलेलं नाही, म्हणजे दाबाची नथ. मामांनी आधी ड्रॉइंग काढलं: समोरून, वरून, बाजूने. खाली चौकट, चौकटीत मोजपट्टी, मटेरिअल, रेव्हिजन नंबर. सात मोती, एक लाल खडा, तार 0.6 मिलिमीटर. मग तारेचा दाब किती असावा हे ठरवायला स्प्रिंगचा छोटा काटा केला आणि मामींना टेबलासमोर बसवलं.

"सांग, कुठे दुखायला लागतं?"

"अहो, नाकपुडी आहे ही, व्हाइस नाही!"

तिसऱ्या रेव्हिजनला नथ बसली. चंडीगडच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला मामी ती घालून गेल्या. बायकांनी विचारलं किती ग्रॅमची, तर मामींनी दशांशानंतर तीन आकडे सांगितले, कारण घरात तेवढेच सांगायची सवय. चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे, तिथल्या दोन मराठी अधिकाऱ्यांच्या बायकांनी लगेच मागणी नोंदवली आणि वर अट घातली की बदलीचा हुकूम यायच्या आत मिळाली पाहिजे. मामांना मुदतीचं काम मिळालं. कारखाना पुन्हा सुरू झाल्यासारखे ते सकाळी आठला आंघोळ करून कोठीघरात हजर राहू लागले. मामी डबाही तिथेच देत. दोन पावलांवरचं स्वयंपाकघर गाठायला त्यांना जेवणाची सुट्टी पुरत नसे.

काम वाढलं तशी चांदी शुद्ध करून, तपासून आणायची वेळ आली, आणि मामा पुन्हा अंबाल्याच्या सराफ्यात गेले. आता एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी, पण नसते. देशातल्या बहुतेक कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, झगमगीत दुकानांमागच्या बोळात धुराने काळी झालेली एक खोली असते. तिथे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. त्या खोलीत बसलेला माणूस बंगाली, पंजाबी, तमिळ काहीही बोलत असला, तरी तो विट्याकडचा, खानापूरकडचा, आटपाडीकडचा निघण्याचा फार संभव असतो. पावसाने पाठ फिरवलेल्या त्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईचं काम घेऊन काश्मीरपासून केरळापर्यंत पांगली आहेत. स्वतःच्या गावात पाण्याची चणचण, आणि परमुलखात हातून सोन्याचं पाणी.

त्यांचं रसायनशास्त्र ऐकण्यासारखं आहे. सोनं शुद्ध करायचं तर त्यात आधी मुद्दाम चांदी मिसळायची, इतकी की सोनं चौथा हिस्सा उरावं. मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी सोनं बसतं, तेही काळपट तपकिरी भुकटीच्या रूपात. नवख्याला वाटावं की ठकवलं आपल्याला. वितळवलं की पिवळं. आणि वरच्या पाण्यात गेलेली चांदी? त्यात तांब्याची पट्टी सोडायची, चांदी निमूट परत खाली येते. मामांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

पण त्याआधीचा संवाद मामा फार रंगवून सांगतात. मामांनी हिंदीत विचारलं, चांदी परखनी है. अंबाल्याच्या गलाईवाल्याने यांच्या हिंदीकडे दोन सेकंद लक्ष दिलं.

"पावनं, कुटलं गाव म्हनायचं?"

मामांना गाव सांगायला अर्धं मिनिट लागलं, कारण आवंढा. मग चहा आला, मग कोणाची मळणी, कोणाची सोयरीक, ताकारीचं पाणी कुठवर आलं, सगळं झालं. शेवटी त्याने मामांचा चांदीचा तुकडा घेतला, कसोटीच्या दगडावर घासला, नाकाजवळ नेला.

"ह्यात तांबं कुनाचं घातलंय?"

मामा सावरून बसले. चांदी नुसती मऊ असते, म्हणून हजारात 925 चांदी आणि बाकी तांबं, असं प्रमाण मिलिग्रॅमपर्यंत बरोबर जुळवलं होतं. "साडेसात टक्के. तंतोतंत."

"टक्क्याचं न्हाई इचारत. कुनाचं तांबं?"

तांबं कूलरच्या जुन्या मोटरच्या वेटोळ्याचं होतं. वरचं वार्निश मामांनी जाळलं होतं, पण पुरतं नव्हतं.

"तरीच," तो म्हणाला, "मोटार जळल्यावानी वास येतोय."

तेव्हापासून मामा तांबं त्याच्याकडूनच आणतात. चंडीमंदिरच्या त्या दोन नथांमध्ये मात्र आमच्या बैठकीच्या खोलीचा अंश आहे, आणि एव्हाना बदली होऊन त्यांतली एक पठाणकोटला, एक झाशीला गेली आहे.

एका रविवारी मामी मामांना रॉक गार्डन दाखवायला घेऊन गेल्या. म्हणजे मामांनी ते शंभरदा पाहिलेलं. मामींना त्यांना काहीतरी सुचवायचं होतं. चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक नेकचंद सैनी यांनी 1958 च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, कोणालाही न सांगता, नोकरी सांभाळून, एक दुनिया उभी करायला घेतली. नव्या शहरासाठी जी गावं पाडली त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, विजेचे सॉकेट, सायकलींचे सांगाडे, सगळं तिथे. आणि काचेच्या फुटक्या बांगड्या, असंख्य. त्या बांगड्यांच्या तुकड्यांचे घागरे-ओढण्या ल्यालेल्या बायका तिथे रांगेने उभ्या आहेत. सरकारला पत्ता लागला तो 1975 च्या सुमाराला. पाडायचं की ठेवायचं यावर काथ्याकूट झाला, 1976 साली ते लोकांना खुलं झालं, नेकचंदांना पगारी त्याच कामावर नेमलं, मजूर दिले, आणि 1984 साली पद्मश्री.

मामा त्या बांगड्यांच्या बायकांपुढे बराच वेळ उभे राहिले. "बघ," ते म्हणाले, "बांगडीचं माप चुकलं तरी काही बिघडत नाही."

"बघितलं," मामी म्हणाल्या. "त्या माणसाने सरकारच्या जागेत पसारा मांडला, सरकारला सतरा-अठरा वर्षं कळलं नाही. तुम्ही माझ्या जागेत मांडता, मला रोज कळतं."

माझ्या मते नेकचंद आणि मामा यांच्यात एवढाच फरक: एक बांगडीपासून निघून चाळीस एकरांपर्यंत गेला, दुसरा उलट बाजूने येऊन बांगडीपाशी पोचला. जागेचा मालक कोण, यावर सगळं ठरलं.

हिसार जिल्ह्यातल्या राखीगढीलाही मामा जाऊन आले. हडप्पा संस्कृतीचं हे एवढं मोठं नगर, डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथे काही वर्षं उत्खनन केलेलं. पुढे 2022 साली तिथे दागिने घडवायची जागा सापडल्याचं पुरातत्त्व खात्याने सांगितलं. हडप्पावासी कार्नेलियन नावाच्या लाल दगडाचे लांबलचक मणी करत आणि त्यांना आरपार भोक पाडत. जोनाथन मार्क केनॉयर या अभ्यासकाने तसं करून पाहिलं, तर तासाभरात भोक जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरकलं. मामांनी परत येऊन चहा होईपर्यंत एकच विषय लावला: तासाला अडीच मिलिमीटर! कूलंट काय वापरत असतील? मामींना वेगळाच प्रश्न पडला होता. त्या माणसांची टेबलं घरात कुठे ठेवलेली असायची?

हॉलमार्कचा अध्याय थोडक्यात उरकतो. सोन्याच्या दागिन्यांना 16 जून 2021 पासून देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक आला. चाळीस लाखांच्या आतल्या उलाढालीला सक्ती नाही. मामांची उलाढाल दोन नथा आणि एक मणी, आणि दागिने चांदीचे. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. तरी त्यांनी पोलादाचा बारीक पंच केला आणि प्रत्येक दागिन्यावर भिंगातून दिसेल असा पार्ट नंबर, महिना आणि वर्ष ठोकलं. मामींच्या नथीच्या मागे "रेव्ह. 3" आहे. पहिल्या दोन रेव्हिजन कुठे आहेत, हे विचारायची घरात कोणाची हिंमत नाही.

सध्या कोल्हापुरी साज चालू आहे. एकवीस पानं, त्यांत दशावतार, अष्टमंगळं, माणिक, पाचू, डोरलं. टूलरूमच्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही: एकवीस वेगळे भाग, एकवीस ठसे, एक असेंब्ली. कासव, मासा, शंख, नाग, भुंगा यांचे पोलादी ठसे टेबलावर रांगेत मांडलेले असतात. पातळ पत्रा त्यात दाबून मागून लाख भरतात. नाग फारच चांगला उतरलाय. मोलकरीण आता त्या टेबलावरून फडकं फिरवत नाही.

साज मागे पडला तो कलीऱ्यांमुळे. शेजारच्या आंटीजींच्या मुलीचं लग्न ठरलं. पंजाबी वधूच्या लाल चुड्याला बहिणी-मैत्रिणी कलीरे बांधतात, घुमटाच्या आकाराची, पानं आणि झुंबरं लोंबणारी लटकनं. लग्नात वधू लग्नाच्या मुलींच्या डोक्यावर हात नेऊन ती जोराने हलवते. जिच्यावर एखादं पान पडेल तिचं लग्न पुढचं. आंटीजींनी मामींच्या नाकातली नथ पाहिली (त्यांना ती फारच छोटी वाटली, त्यांच्याकडची नथ कानापर्यंत साखळीने बांधावी लागते) आणि म्हणाल्या, "भाईसाब, कलीरे बना दोगे?"

मामा म्हणाले, "इसमें क्या है?"

मामींनी पातेलं उचललं नाही. गॅसवर दूध नव्हतं, एवढंच.

कलीरे सुरेख झाले. प्रत्येक पानाची कडी मामांनी डाखाने पक्की सांधली आणि सांधा किती पेलतो ते पाहायला त्याला एक किलोचं वजन रात्रभर टांगून ठेवलं. लग्नाला आम्ही सगळे होतो. वधू मधे उभी, भोवती आठ-दहा मुली ओढण्या सावरून, ढोलवाला काठ्या उगारून तयार. वधूने हात हलवला. छनछन झालं, पडलं काही नाही. पुन्हा हलवला. मग दोन्ही हात. मग तिच्या मामेबहिणींनी तिचे हात धरून हलवले. ढोलवाल्याने दोनदा सुरुवात करून थांबवलं. गर्दीत मामा खाली मान घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर शरम होती, पण ओठांच्या कोपऱ्यात, मला स्पष्ट दिसलं, समाधान होतं. शेवटी मंडपातून झेंडूची एक पाकळी कुणाच्या तरी खांद्यावर पडली आणि तिच्यावर भागवून घेण्यात आलं.

त्या रात्री मामांना झोप नाही. सकाळी त्यांना उपाय सापडला होता. ट्रॅक्टरमागच्या अवजाराला शिअर बोल्ट असतो. शेतात दगड आडवा आला की मुद्दाम तोच तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. कलीऱ्याच्या एका पानाला तशीच कमकुवत कडी द्यायची, ठरावीक झटक्याला सुटणारी. चाचणीसाठी गच्चीवर मामी हातात कलीरे बांधून उभ्या राहिल्या आणि मामा स्टॉपवॉच घेऊन झटके मोजत बसले. समोरच्या गच्चीवरून सगळा सेक्टर बघत होता.

बातमी पसरली. पुढच्या महिन्यात त्याच गल्लीत आणखी एक लग्न होतं. एका संध्याकाळी त्या घरातली एक मुलगी, वधूची धाकटी बहीण, कोठीघराच्या खिडकीशी येऊन कुजबुजली, "अंकलजी, मुझपे नहीं गिरना चाहिए. मुझे कॅनडा जाना है. सितंबर में इंटेक है."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "लाईन में कहां खड़ी रहोगी?"

"सबसे आखिर में. दीदी का लेफ्ट हँड."

मामांनी ड्रॉइंग पुढे ओढलं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं: टीप 4. डाव्या हाताला शिअर पिन देऊ नये. उजव्या हाताची तिसऱ्या झटक्याच्या आत तुटणे आवश्यक.